उंदरांनी गाडीचं वायरिंग कुरतडलं तर नुसती टेप गुंडाळू नका, जॉइंट असा मारा

दिवाळी झाली की आमच्या अमळनेरकडे घरोघरी एकच चित्र असतं, वेचलेला कापूस भाव मिळेपर्यंत एका खोलीत भरलेला, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढेपेची पोती, आणि त्याच शेडमध्ये गाडी. आमचंही तसंच होतं. एका सकाळी स्टार्टर मारला तर एंजिन थडथड करायला लागलं, चेक लाइट लागला, एक सिलेंडर काम करत नाहीये हे आवाजावरूनच कळत होतं. बोनेट उघडलं तर एंजिनवर नारळाएवढं कापसाचं घरटं, त्यात शेंगांची टरफलं, लेंड्या, आणि त्याखाली इंजेक्टरच्या, म्हणजे एंजिनात इंधन फवारणाऱ्या पार्टच्या, दोन वायरी आणि पाण्याच्या टेम्परेचर सेन्सरची एक वायर साफ तोडलेली.

एका कारागिराला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत वायरी पिळल्या, काळी टेप गुंडाळली, गाडी चालू झाली आणि आम्ही खुश. पुढे एप्रिलच्या शेवटी आईला घेऊन जळगावला निघालो, पारोळा सोडून एरंडोलच्या अलीकडे भर दुपारी एंजिन धाडकन बंद. टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकली होती, इंजेक्टरला करंट देणारी उघडी वायर एंजिनच्या लोखंडाला लागली आणि फ्यूज उडाला. तेव्हा नुसता फ्यूज उडाला हे नशीबच, कारण फ्यूजच्या जागी कुणी तार लावली असती तर कापसाच्या त्या उरलेल्या पुंजक्यांनी पेटच घेतला असता. आईला ४४ डिग्रीत रस्त्याच्या कडेला झाडाखाली दोन तास बसावं लागलं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यानंतर धुळ्याला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे जाऊन बसलो, त्यांच्याकडून हे काम शिकलो, आणि आता गावात कुणाच्या गाडीची वायर तुटली की "काय व्हयनं रे भाऊ" म्हणत मीच पकड घेऊन जातो. जे शिकलो ते सगळं इथे सांगतो.

आपल्याकडे हा त्रास जास्त का होतो ते आधी बघा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, वायर त्याला खायची नसते. बोनेटखाली अंधार, रात्री एंजिनची ऊब, मांजर सहसा तिथे पोहोचत नाही, आणि घरट्याला कापूस शेजारीच. शेतातला माल घरी आला की उंदीरही शेतातून घराकडे येतात, आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की पुन्हा येतात. म्हणून कापूस वेचणीनंतर आणि आषाढ-श्रावणात बोनेट उघडून बघायची सवयच लावून घ्या.

शंका आली की सगळ्यात आधी

गाडी थडथडते आहे, चेक लाइट लागला, फॅन थांबतच नाही, एखादा लाइट बंद पडला, किंवा बोनेटवर लेंड्या दिसल्या, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. तुटलेल्या वायरीची उघडी टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागली तर साध्या तीन वायरींचं काम कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, जातं आणि ते महाग असतं. नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर चावी फिरवायचीच नाही, गाडी ढकलून उघड्यावर न्या, कारण उंदीर रबराचा फ्यूल पाइपही कुरतडतो, आणि पाइप बदलल्याशिवाय वायरिंगला हात लावायचा नाही. सीएनजी गाडी असेल तर गॅसच्या पाइपला किंवा त्याच्या जॉइंटला स्वतः हात घालू नका, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून किटवाल्याकडेच द्या.

मग फोटो काढा, घरट्याचे, लेंड्यांचे, तुटलेल्या वायरींचे, काही हलवायच्या आधी. इन्शुरन्सचा क्लेम करायचा असेल तर दुरुस्तीच्या आधी कळवावं लागतं, आणि उंदराचं नुकसान पॉलिसीत धरलंय की नाही ते कंपनीप्रमाणे आणि घेतलेल्या ॲड-ऑनप्रमाणे बदलतं, म्हणून पॉलिसी काढून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय वायर कापायची नाही. आणि पूर्ण गुच्छच खाल्ला असेल, म्हणजे वीस-पंचवीस वायरी, तर घरी करायचं काम नाही ते, नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार गुच्छ, टाकणंच बरं.

घरटं काढताना

लोक इथे फार हलगर्जीपणा करतात, उघड्या हाताने घरटं उचलतात, तोंडाने फुंकर मारतात, नाहीतर कंप्रेसरची हवा मारतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला छोटी जखम असली तरी जंतू आत जातात, आणि सुकलेली धूळ नाकात जाणंही चांगलं नाही. रबरी हातमोजे आणि मास्क घाला, घरट्यावर आणि लेंड्यांवर जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओलं करा, दहा मिनिटं थांबा, मग चिमट्याने उचलून पिशवीत बांधून टाका. पाणी कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगवर, ओतू नका, कपलरच्या आसपास ओल्या फडक्याने पुसून घ्या. कापसाचा एकही पुंजका राहता कामा नये, विशेषतः सायलेन्सरचा पाइप एंजिनमधून निघतो त्या बाजूला. पिलं असतील तर ती एअर फिल्टरच्या डब्यात किंवा बॅटरीच्या ट्रेखाली सापडतात, तिथेही बघा.

बॅटरी काढा

स्कॅनर असेल तर आधी कोड वाचून घ्या, ते खाली सांगितलंय. मग चावी काढून दहा मिनिटं थांबा, मग १० नंबरच्या पान्याने आधी मायनस काढा. लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, प्लस खोलताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेलं असलं तर मोठी ठिणगी उडते. दरवाजा किंवा डिकी उघडी ठेवा, बटनावर चालणारं लॉक असलेल्या गाड्यांत बॅटरी गेल्यावर उघडायला त्रास होतो. काढलेलं मायनसचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, नाहीतर ते स्प्रिंगसारखं परत जाऊन टेकतं.

सगळे घाव शोधा, एक नाही

माझा अर्धा वेळ याच कामात जातो आणि जायलाच पाहिजे. उंदीर एकच वायर तोडून जात नाही, एक पूर्ण तोडतो, शेजारच्या दोनचं फक्त कव्हर सोलतो, आणि हे सोललेलं आज त्रास देत नाही, पहिल्या पावसात देतं. त्या दिवशी आमच्या कारागिराने जोडलेल्या तीन वायरींशेजारी आणखी दोन सोललेल्या होत्या, त्याने बघितल्याच नव्हत्या.

चांगला टॉर्च घ्या, छोटा आरसा घ्या, आणि या क्रमाने जा: एंजिनच्या वर इंजेक्टरची लाइन, स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या वायरी, बॅटरीच्या मागे आणि खाली, काचेच्या खाली वायपरच्या जाळीजवळ, हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या फॅनची वायर, खाली सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर, आणि डॅशबोर्डच्या आत एसीच्या केबिन फिल्टरपर्यंत, कारण फिल्टर कुरतडलेला असेल तर उंदीर आत गेलाय हे नक्की. वायरींवरचा तो काळा घड्या असलेला पाइप असतो ना, त्याला लांबीने चीर असते, तो उघडून आत बघा. हातमोजा घालून वायर बोटांत धरून सरकवत न्या, खाच डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागते. सोबत पाण्याचे, वॉशरचे आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइपही बघून घ्या.

प्रत्येक तुटलेल्या वायरीचा रंग आणि त्यावरच्या रेघेचा रंग कागदावर लिहा, दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा तुकडा लावून नंबर टाका. "लाल" म्हणून लिहू नका, "लाल, पांढरी रेघ" लिहा. एकाच रंगाच्या दोन तुटलेल्या असतील तर अंदाज करायचा नाही, कपलर काढून मल्टिमीटरचा बीप, वायर सलग असली की वाजतो तो, वापरून कुठलं टोक कुठल्या पिनला जातं ते ठरवायचं.

ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, असेल तर बॅटरी काढायच्या आधी कोड वाचून फोटो काढून ठेवा. पी०११८ आला तर पाण्याच्या टेम्परेचर सेन्सरचं सर्किट उघडं पडलंय असं समजा, पी०२०१ म्हणजे एक नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट, पी०३५१ म्हणजे पहिल्या इग्निशन कॉइलचं, पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं. कोड सर्किट सांगतो, घाव कुठे आहे ते सांगत नाही, आणि पार्ट बदला असं तर अजिबात सांगत नाही. चांगला सेन्सर बदलून पैसे घालवलेले लोक मी बघितलेत.

ज्यांना हात लावायचा नाही

पिवळ्या पाइपमधल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यावर मल्टिमीटरही लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली नारंगी केबल जीव घेऊ शकते, तिथून मागे या. आणि कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या वायरींवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त करंट ओढतो. वायरीत टाचणी खुपसून चेक करायची सवयही सोडा, त्या भोकातून पाणी जाऊन आतलं तांबं हिरवं पडतं.

सामान

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे एकत्र येतात, त्यामुळे ट्रकचं वायरिंग करणारे आणि ऑटो केबल मीटरवर विकणारे तिथे भरपूर आहेत, जळगावलाही मिळतं. घरातल्या लाइट फिटिंगची वायर गाडीत वापरू नका. तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, गाडीच्या हादऱ्याने तुटतात, आणि कव्हर गरमीला टिकत नाही. बारीक तारांची ऑटो केबलच घ्या, मूळ वायरीएवढी जाड किंवा एक साइज मोठी, बारीक कधीच नाही. सेन्सरच्या वायरी साधारण अर्धा स्क्वेअर एमएमच्या आसपास असतात, फॅनची अडीच किंवा त्याहून जाड, म्हणून मूळ वायरीचा छोटा तुकडा दुकानात सोबत न्या. रंग तोच मिळाला तर उत्तम.

त्याशिवाय वायर सोलायची पकड, जॉइंट चेपायची क्रिम्पिंग पकड, क्रिम्प करायच्या स्लीव्ह म्हणजे बट कनेक्टर, आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी, हॉट एअर गन, कापडी हार्नेस टेप, तो घड्यांचा पाइप, केबल टाय आणि मल्टिमीटर. बट कनेक्टरच्या रंगाला अर्थ आहे, लाल साधारण अर्धा ते दीड स्क्वेअर एमएमसाठी, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. साध्या पकडीने चेपलेला जॉइंट दिसायला बसलेला दिसतो आणि चार महिन्यांनी सैल होतो, म्हणून क्रिम्पिंग पकडीचे तीन-चारशे रुपये वाचवू नका.

जॉइंट

एका वेळी एकच वायर हातात घ्या, सगळ्या एकदम सोलून बसलात तर गोंधळ होणारच.

दाताचा भाग पूर्ण कापून टाका, आणि तांबं लख्ख लाल दिसेपर्यंत मागे कापत जा. काळं किंवा हिरवं पडलेलं तांबं जोडलं तर करंट नीट जात नाही आणि सेन्सर चुकीचं रीडिंग देतो, मग सगळं जोडूनही गाडी नीट चालत नाही आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. कापल्यावर वायर आखूड झाली की ताणून जोडू नका, मध्ये नवीन तुकडा टाका, त्याला दोन जॉइंट लागतील पण वायर सैल राहील, एंजिन हलतं तेव्हा हा सैलपणाच वायर वाचवतो.

आता हीट श्रिंक नळी आधी वायरीत घाला आणि लांब सरकवून ठेवा, जोडल्यावर ती घालता येत नाही. दोन्ही टोकं ८ ते १० मिलिमीटर सोला, एकही तार तुटू देऊ नका, तुटली तर पुन्हा कापून पुन्हा सोला. तारा हलक्या पिळा, वायर फार बारीक असेल तर सोललेलं टोक दुमडून जाड करा, स्लीव्हमध्ये मधल्या खुणेपर्यंत घाला, पकडीने दोन्ही बाजू चेपा, आणि मग दोन्हीकडून ओढून बघा. निसटलं तर बरंच झालं, आत्ता निसटलं. मग नळी मधोमध आणून गनने गरम करा, मधून टोकांकडे जा, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की जॉइंट पाणीबंद झाला. लायटरने करू नका, नळी एका बाजूला जळते, शेजारची वायर भाजते, आणि आपण पेट्रोलच्या गाडीत काम करतोय.

सोल्डर करावं का यावरून लोक भांडतात. माझं मत असं की एंजिनवर क्रिम्पच बरा, कारण सोल्डर तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि हादऱ्याने त्या कडक भागाच्या कडेलाच मोडते. करायचंच असेल तर रोझिनवालं, म्हणजे राळेचं, सोल्डर वापरा, ॲसिडची पेस्ट नको, ती नंतर तांबं खाते, आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वायर पक्की बांधा. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला मात्र सोल्डर नाहीच. बऱ्याच सेन्सरला बाहेरची हवा त्या वायरीच्या तारांमधूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. तिथे क्रिम्पच, आणि ग्रीसही लावू नका.

शेजारशेजारच्या वायरींचे जॉइंट एका रेषेत येऊ देऊ नका, तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. एका जागी पाच जॉइंट आले की गाठ जाड होते, पाइपात बसत नाही, आणि एखादी नळी फाटली तर दोन उघडे जॉइंट एकमेकांना भेटतात.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमच्या, चाकाच्या सेन्सरच्या आणि कंट्रोल युनिटच्या आपसातल्या वायरी एकमेकींत पिळलेल्या जोडीने येतात, तो पीळ बाहेरचा गोंधळ, म्हणजे इग्निशनचा विजेचा व्यत्यय, सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून असतो. दोन्ही सारख्याच लांबीच्या ठेवा आणि जोडून झालं की पुन्हा तशाच पिळा. ब्रेकचं काम आहे, जरा जरी शंका वाटली तर जाणकाराला बोलवा.

वायर कपलरच्या अगदी तोंडाशी तुटली असेल, धरायला दोन सेंटिमीटरही शिल्लक नसेल, तर तिथे जुगाड करू नका. वायरीसकट कपलर मिळतो, नवीन किंवा भंगारातल्या तशाच गाडीचा, तो घ्या आणि मागे मोकळ्या जागी जॉइंट मारा.

टेप कुठली

जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री असतं, आणि एंजिनचं पाणी चालू गाडीत ९०च्या आसपास, मग एंजिनला खेटून असलेल्या टेपचं काय होत असेल बघा. काळ्या प्लास्टिकच्या टेपचा गोंद पातळ होतो आणि ती उलगडते. जॉइंट झाकायला टेप नकोच, ते काम हीट श्रिंकचं. टेप फक्त गुच्छ एकत्र ठेवायला, आणि तीही कापडी. वर नवीन पाइप चढवा, मूळ क्लिपमध्येच वायर बसवा, सायलेन्सरच्या पाइपपासून आणि फिरणाऱ्या बेल्टपासून लांब.

चेक करा, मग चावी फिरवा

बॅटरी लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक वायर एका कपलरपासून दुसऱ्या कपलरपर्यंत तपासा, बीप आला पाहिजे. मग प्रत्येक वायर शेजारच्या वायरीशी आणि बॉडीशी लावून बघा, अर्थिंगच्या आणि एकाच सप्लायच्या वायरी सोडल्या तर तिथे बीप यायला नको. बीप चालू असताना वायर हलवून बघा, आवाज तुटला तर तो जॉइंट पुन्हा.

उडालेला फ्यूज तेवढ्याच नंबरचा टाका, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १० उडतोय म्हणून २० टाकला तर फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. पुन्हा उडाला तर अजून एक घाव सापडायचा राहिलाय, परत शोधा.

बॅटरी लावा, चावी फक्त ऑनवर ठेवून अर्धा मिनिट बघा, धूर, वास, फ्यूज. मग स्टार्ट करा, गरम होऊ द्या, फॅन चालू-बंद होतोय का, एसी, हेडलाइट, हॉर्न, वायपर सगळं बघा, स्कॅनरने कोड पुसा आणि वीस-तीस किलोमीटर फिरून पुन्हा वाचा. पॉवर विंडोची ऑटो काच किंवा घड्याळ परत सेट करावं लागेल, ते बिघडलेलं नसतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

आम्ही पहिलं काम काय केलं तर ढेप आणि दादर ज्वारीची पोती शेडमधून हलवून पत्र्याच्या कोठीत ठेवली आणि गाडी कापसाच्या खोलीपासून लांब, उघड्यावर लावायला लागलो. उन्हाने रंग जरा जातो, पण वायरिंग टिकतं. रात्री बोनेट थोडं उघडं ठेवतो, आत ऊब राहत नाही. एसीची हवा जिथून आत येते तिथे आणि बोनेटच्या खालच्या मोठ्या भोकांना स्टीलची बारीक जाळी लावली, भोकं ६ मिलिमीटरपेक्षा लहान, कारण छोटा उंदीर त्याहून जरा मोठ्या फटीतूनही शिरतो. रेडिएटरच्या समोर जाळी लावून हवा अडवू नका, आपल्या उन्हात एंजिन तापेल.

तंबाखूची पानं, पुदिन्याचा स्प्रे असं बरंच लोक सांगतात, चार दिवस वास असतो तोवर ठीक, त्यावर भरवसा ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. डांबराच्या गोळ्या तर नकोच, त्यांचा वास एसीतून थेट आपल्या छातीत जातो. गाडीत किंवा शेडमध्ये विषही टाकू नका, उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि डॅशबोर्ड खोलावा लागतो, शिवाय मेलेला उंदीर मांजर खाते, घुबड खातं, आणि उंदीर खाणारेच मेले तर पुढच्या वर्षी आणखी उंदीर. पिंजरा लावा, भज्याचा किंवा तेल लावलेल्या भाकरीचा तुकडा ठेवा, चाकाजवळ भिंतीला चिकटवून, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो.

गाडी उभी राहणार असेल तर दोन-तीन दिवसांआड बोनेट उघडून बघायला आमच्या आबांना सांगून ठेवलंय. ते सकाळी बैलांना ढेप घालायला शेडमध्ये जातातच, तेव्हाच टॉर्च मारून एंजिनवर कापूस दिसतो का तेवढं बघतात, आणि दिसला तर मला फोन येईपर्यंत कुणालाही चावी देत नाहीत.